सळया

जळगावहून आलेला व्हॅल्युअर
पोरगेलासा होता, कपाळावर हेल्मेटचा वळ.
त्याने लेझरचं यंत्र भिंतीला टेकवलं,
लाल ठिपका पलीकडच्या भिंतीवर
टिकलीसारखा बसला.
दहा फूट चार इंच.
मी म्हटलं, दहा-तीन. प्लॅस्टर माझ्या हातचं,
त्या कोपऱ्यात ओळंबा हलला होता.
त्याने दहा-चारच लिहिलं.

ठेकेदार कोण?
मीच.
गवंडी?
होते दोन, नंतर मीच.
काम किती वर्षं चाललं?
अकरा.
शेतकऱ्यांचा कापूस मोजला की माझी उधारी सुटायची,
उधारी सुटली की भिंत चढायची.
वाळूची पावती? बोरी नदी पावती देते का, साहेब.
त्याने रकान्यात 'स्वतः' लिहिलं
आणि पुढे प्रश्नचिन्ह.

पतपेढीचं जुनं कर्ज मिटवायचं,
तेच घर नव्या कंपनीकडे ठेवायचं,
वर सुटतील ते सात लाख.
त्यातून स्टँडसमोरचा गाळा.
भाड्याच्या त्या गाळ्यात बसून वीस वर्षं
जळालेल्या मोटारींतली तांब्याची तार उपसतोय.
मालक आता म्हणतो, घे, नाहीतर सोड.

शाखेतल्या मॅडम चांगल्या होत्या. पाणी दिलं.
दरमहा उत्पन्न किती?
मॅडम, मोटार दरमहा जळत नाही.
एप्रिलात व्होल्टेज पडलं की दारात रांग लागते,
आषाढात मी माशा मारतो.
तीन वर्षांची रिटर्नं पुढे केली.
त्यांत मी इतका गरीब दिसत होतो
की मलाच माझी कीव आली.
कर वाचवला तेव्हा हुशारी वाटली होती.
तीच हुशारी आता समोरच्या खुर्चीत बसून
विचारत होती, याला एवढं कर्ज कशावर द्यायचं?

उधारीच्या वह्या पिशवीत होत्या.
त्या कुणी उघडल्या नाहीत.

जिन्याच्या चौथ्या पायरीचा त्याने फोटो काढला.
ओल्या सिमेंटवरून हर्षाली पळाली होती,
तिच्यामागे कुत्रं.
'पृष्ठभाग खराब'.
तो गेल्यावर कोकिळानं कप उचलले.
"मनी पानी मारानी मजुरी लिखी का त्यास्नी?"
अकरा वर्षं, नळाची पाळी येईल त्या वेळी उठून
तिने एकेका भिंतीला पाणी पाजलं.
तसा रकाना नव्हता, म्हणालो.
ती कप विसळायला गेली, जरा जोरातच.

गच्चीवर तर तो आधीच जाऊन आला होता.
खांबांतून वर आलेल्या सळया, चार-चार,
टोकांवर पालथ्या घातलेल्या दारूच्या बाटल्या
(मी प्यायलेल्या नव्हेत, भंगारातून आणलेल्या).
हे काय?
वरचा मजला.
तो हसला नाही. नखाने गंज खरवडून पाहिला.

मंगळवारी सह्या. बेचाळीस.
मी प्रत्येक पान वाचलं, मागचे लोक खोकू लागले.
एकतिसाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत:
सदर मिळकतीवर पुढे होणारे बांधकामही
तारणात समाविष्ट राहील.
पुढे होणारे म्हणजे?
जे अजून झालं नाही ते, मॅडम म्हणाल्या.
मी पेन झटकलं. शाई नीट येत होती.

रात्री गच्चीवर, स्लॅब अजून तव्यासारखा,
कोकिळाला सांगितलं, वरचा मजलाही गहाण पडला.
ती अंथरूण टाकण्याआधी पाणी शिंपडत होती. थांबली.
बाटल्यांकडे एकदा पाहिलं.
"मंग त्यास्लेच सांगा बांधाले."

खाली हॉर्न वाजला. ट्रॅक्टर.
ट्रॉलीत पाच हॉर्सपॉवरची मोटार,
वास गच्चीपर्यंत आला, पार कोळसा झालेली.
पैसे कापूस मोजल्यावर, तो खालूनच ओरडला.
उतरव, म्हटलं.